अर्धा सांधा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं. खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून कागद बदलला. अठरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या थोरल्या बहिणीने मायना काय घालावा हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात सापडत नाही, आणि मी किती कपाटं उपसली आहेत ते तुला ठाऊक आहे. तेव्हा नुसतं धाकट्या.

पत्र कामाचं आहे. दोरखान्याच्या समितीतर्फे लिहिते आहे. तुझा पत्ताही समितीनेच काढला.

आम्ही आमच्या कामाचा व्हिडिओ करतो आहोत. वाचताना ‘आम्ही’वर जोर दे. मागच्या वर्षी बाहेरून एक दिग्दर्शक आला होता, चार माणसं आणि सहा पेट्या घेऊन. माणूस गोड. आल्या आल्या त्याने सगळ्यांना फाटके कपडे घालायला सांगितले. चाकवाले काका म्हणाले, "साहेब, फाटके नाहीत. धुतलेले चालतील का?" तर म्हणे, थोडी माती लावा. लावली बिचाऱ्यांनी. मग एका पोरीला वाखाच्या तंतूंच्या गठ्ठ्यावर बसवून दूर कुठेतरी बघत राहायला लावलं. दूर काय आहे आपल्याकडे? पाण्याची टाकी! तीन महिन्यांनी फिल्म आली. चाकाची घरघर काढून तिथे बासरी घातली होती, आणि एक जाडा आवाज सांगत होता की दोर वळणारी ही शेवटची माणसं. आम्ही सत्तावीस जण समोर बसून ते ऐकत होतो. सत्तावीस शेवटची माणसं, चहा पीत.

मी उभी राहिले. त्या दिवशीचं भाषण चांगलं झालं असं लोक म्हणतात. मी म्हटलं, आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलायचं आणि आपण माना डोलवायच्या, हे किती पिढ्या चालवायचं? आपला इतिहास कुणी लिहिला नाही, कारण आपले हात रिकामे कधीच नव्हते. आता हातातलं काम न सोडता इतिहास ठेवता येतो. कॅमेरा घ्या! टाळ्या पडल्या. कॅमेराही घेतला.

आणि नियम केले. मीच सांगितले, चष्मेवालीने भिंतीवर रंगवले. कॅमेरा आपल्याच माणसाच्या हातात राहील. जे तिथे ऐकू आलं तेच ऐकवायचं, आवाज काढायचा नाही, वरून चिकटवायचा नाही. आणि चित्रात जो दिसतो त्याला आधी दाखवायचं, तो हो म्हणाला तरच ते चित्र फिल्ममध्ये जाईल.

चष्मेवाली म्हणजे चाकवाल्या काकांची नात. तू गेलास तेव्हा पाच वर्षांची होती, चाकाखाली बसून वाखाच्या बाहुल्या करायची. आता संगणकावर सगळी जोडाजोड तीच करते.

तर हा तिसरा नियम तुझ्यापर्यंत येतो. कपाट आवरताना दोरखान्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाची कॅसेट सापडली. त्यात अकरा मिनिटं तू दिसतोस. चाकाची माळ सांधतो आहेस. चाकावरून आकड्यांकडे जाणारा तो दोर, ज्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही, त्याचा न दिसणारा सांधा. बाबांनी तो एकट्या तुलाच शिकवला. आज इथे तो कुणालाही येत नाही. जगात त्याचं चित्र असेल तर एवढंच.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात तो तुकडा आहे. आवाज मात्र काढून टाकला आहे. कॅसेट जुनी, आवाज पार खराब झाला आहे. हो किंवा नाही, एवढंच कळव.

समितीतर्फे,
ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

पंधरा दिवस झाले. टपाल उशिरा पोचतं हे मला माहीत आहे. पोचलेलं पत्रही उशिरा उघडतात हेही माहीत आहे. मी वाट बघत नाही. समिती वाट बघते आहे.

तोवर एक गंमत सांगते. कॅमेरा आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ तासांचं चित्रण केलं. रविवारी सगळे बघायला बसलो. पहिला तुकडा लागला. समोर चाक. चाक फिरतंय, हळूहळू लहान होतंय, आणखी लहान, शेवटी बशीएवढं. संपला. दुसरा तुकडा. चाक, लहान, आणखी लहान, बशी. तिसरा. चौथा. नऊ तास, धाकट्या! माणसाचा हात म्हणून एकात दिसेल तर शपथ. फक्त बाजूने आवाज येतोय, "अगं, वाख पातळ सोडतेयस," "सासूबाईंचा फोन आला होता."

चष्मेवालीने कपाळाला हात लावला. "ताई, ह्यांना मी सांगितलं होतं, वळणाऱ्याबरोबर चाला. हे चालले. पण उलटे चालले!"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या वाटेवर पाऊल टाकलं की माणूस मागे मागेच जातो ना! दोनशे पावलांची छपराखालची वाट, कमरेला वाख, डोळे चाकावर, पाय मागे. कॅमेरा हातात दिला तरी पाय कुठे बदलतात? सगळ्यांनी कॅमेरा चाकाकडे धरला आणि उलटे चालत गेले. मी संतापले. म्हटलं, "हात दाखवा, हात! बशी कसली दाखवताय?" तर काका म्हणाले, "अगं, मी चाळीस वर्षं चाकावर बसलोय. लांबून मी कसा दिसतो ते मला आज कळलं. राहू दे की." मतदान झालं. फिल्मची सुरुवात त्या लहान होत जाणाऱ्या चाकाने करायची असं ठरलं. विरोधी मत एक. ते कुणाचं, हे तू ओळखशीलच.

बाकी ठीक आहे. माझे गुडघे बोलतात, पण माझ्यापेक्षा कमी. शाळेतून निवृत्त झाले. मुलं मला पाठीमागे भोंगा म्हणतात, समोर भोंगाताई म्हणतात. मला आवडतं.

चष्मेवालीशी जरा वाजलं. तुझ्या तुकड्याच्या आवाजावरून. ती म्हणते, काढायचा नाही हा नियम. मी म्हटलं, अपवाद असतात. ती म्हणाली, "अपवाद बासरीवाल्यालाही हवा होता." जीभ बघ पोरीची. कुणाकडे शिकली कोण जाणे.

तू मनात काय म्हणत असशील ते मला दिसतं आहे. तेव्हा स्पष्टच लिहिते. त्या दिवशी मंचावरून मी तुझ्याबद्दल जे बोलले ते विचाराच्या पातळीवरचं होतं. तू नदीपलीकडच्या नायलॉनच्या कारखान्यात नोकरी धरलीस. बाबांची विद्या घेऊन यंत्राच्या दारात उभा राहिलास. मी तेव्हा अध्यक्ष होते. मी बोलणार नाही तर कोण बोलणार? आणि राग मला नोकरीचा नव्हता. वळणारा माणूस काहीही करतो, उपाशी राहतो, भांडतो, पण सांधा अर्धा टाकून उठत नाही. माझं भाषण संपताच तू अर्धा सांधा तसाच टाकून निघून गेलास. ते मला कधी विसरता आलं नाही. पुढे प्रत्येक सभेत सांगितलं. आता तर इथे कुणी काम अपुरं सोडलं की म्हणतात, धाकट्याचा सांधा झाला.

हे मी रागाने लिहीत नाही. नुसती नोंद करते आहे.

उत्तर पाठव.

ताई

२ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. अठरा वर्षांनी भाऊ लिहितो आणि चार वाक्यं लिहितो. मी ती पाठ केली आहेत, तरी इथे उतरवते, म्हणजे नोंद राहील.

"पाहिलं. आवाज छान आहे. दाखवा, आवाजासकट. तू शेवटपर्यंत पाहिलंस का?"

आवाज छान आहे! चष्मेवालीला बोलावलं. म्हटलं, पेनड्राइव्हमध्ये काय घातलं होतंस? ती चष्मा पुसत म्हणाली, "पूर्ण कॅसेट, ताई. माणसाची परवानगी मागायची तर त्याला पूर्ण दाखवायला नको? नियम..." मी म्हटलं, पुरे. नियम मला सांगू नकोस.

तेव्हा कबूल करते. आवाज खराब झालेला नाही. काचेसारखा स्वच्छ आहे. माझाच आहे.

तो भाड्याचा कॅमेरावाला तुला आठवत असेल, लग्नांची चित्रणं करणारा. मी बोलायला उभी राहिले, चारपाच मिनिटं त्याने मला धरलं, आणि मग त्याला कंटाळा आला. मी किती वेळ बोलते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने कॅमेरा वळवला तो खाली, चाकापाशी बसलेल्या तुझ्यावर. आणि वळवला तो तिथेच ठेवला. म्हणजे बाबांच्या सांध्याचं जगातलं एकमेव चित्र माझ्या भाषणाच्या लांबीमुळे शिल्लक आहे. हे मी इतक्या वर्षांच्या वक्तृत्वाचं फळ समजते.

पण वर हात तुझे आणि खाली आवाज माझा. तू तीन पेड उकलतोस, आणि मी म्हणते, "घरभेद्यांना घराची दारं आधी माहीत असतात." तू समोरासमोर पेड अडकवतोस, एक काढत त्याच्या घळीत दुसरा बसवत जातोस, आणि मी म्हणते, "बापाचे हात घेऊन दुसऱ्याच्या दारी चाकरीला निघालेला हा माणूस." नावं ठेवायची एकही जागा मी सोडली नाही. पल्लेदार वाक्यं आहेत. एक तर फार चांगलं आहे. आणि तुझी मान एकदाही वर होत नाही.

हे मी टाळ्यांपर्यंत पाहिलं होतं. टाळ्या पडल्या की कॅमेरा परत मंचावर येतो. पुढे काय पाहायचं, म्हणून बंद केलं होतं.

काल शेवटपर्यंत पाहिलं.

टाळ्या होतात. लोक मला भेटायला येतात. मी हसते, अमुक करते, तमुक करते. कॅमेरावाला निघायच्या तयारीत आहे, कॅमेरा हातात लोंबतो आहे, तो बंद करायला विसरला आहे. तिरकं चित्र. त्या तिरक्या चित्रात, कोपऱ्यात, तू अजून बसलेला आहेस. मंडप रिकामा होतो. तू बसलेला आहेस. मग उठतोस, माळ चाकावर चढवतोस. काकांना काहीतरी म्हणतोस. काका चाक फिरवतात, एक फेरा, दोन फेरे. तू माळेला बोट लावून उभा आहेस, सांधा बोटाखालून जातो का कळतो ते बघायला, बाबा बघायचे तसं. मग खाली ठेवलेली पिशवी उचलतोस आणि निघतोस.

मी तो भाग सात वेळा पाहिला.

आज काकांना विचारलं, "ती माळ त्या दिवशी कुणी पुरी केली?"

"धाकट्याने. दुसऱ्या कुणाला येते?"

"मग अठरा वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? मी प्रत्येक सभेत सांगत होते, तो अर्धं टाकून गेला म्हणून!"

काकांनी विडी विझवली. म्हणाले, "तू विचारलंस कधी? तू बोलत होतीस."

धाकट्या, मी माणसांना गप्प केलं आहे, अधिकाऱ्यांना केलं आहे, एकदा एका मंत्र्याला केलं आहे. मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी तिथेच वाखाच्या गठ्ठ्यावर बसले आणि पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले.

पुढचं उद्या लिहीन म्हणून थांबते. नाही. उद्याही जमायचं नाही. मी चुकले. खोटं बोलले. खोटं आहे हे माहीत नव्हतं ही सबब मी वर्गात एकाही मुलाची ऐकून घेतली नाही.

ताई

९ मार्च

धाकट्या,

सभा झाली. तुझी परवानगी आली होती, पण चित्रात माझाही आवाज आहे, म्हणून माझीही परवानगी लागणार होती. चष्मेवालीने भिंतीवरच्या तिसऱ्या नियमाकडे नुसतं बोट केलं.

मी उभी राहिले. माझी सवय अशी की आधी एखादा दाखला, मग एखादा टोला, मग मुद्दा. या वेळी मुद्दाच आधी आला आणि त्याच्या पुढेमागे काही नव्हतं. म्हटलं, "धाकट्याने सांधा पुरा केला होता. मी तुम्हाला अठरा वर्षं खोटं सांगितलं. कॅसेट आवाजासकट दाखवायची." आणि बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "माईक बिघडला काय?"

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. एक बाई म्हणाली, "म्हणजे माझा नवरा भिंत अर्धी रंगवून सोडतो त्याला आता काय म्हणू?" काका म्हणाले, "त्याला त्याचंच नाव दे." हसण्याचा असा गलका झाला की मलाही हसू आलं. मला वाटलं होतं लोक माझ्यावर तुटून पडतील. पण लोकांना बहुधा अंदाज होता. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा खोटं पचवणं त्यांना सोपं गेलं असावं. ही गोष्ट मी अजून चघळते आहे.

आता खरी अडचण. ती माळ, तू सांधलेली, अजून तीच चाकावर आहे. अठरा वर्षं रोज फिरली. आता तिचे तंतू उसवायला लागले आहेत. काका म्हणतात, पावसाळा काढणार नाही. नवीन माळ आम्ही वळू, त्यात काय! पण सांधणार कोण? साधी गाठ मारली तर गाठ दर फेऱ्याला आकड्यावर अडकते, दोराला झटका बसतो, पीळ विस्कटतो. आम्ही कॅसेट बघून बघून चष्मेवालीला बसवलं. पोरगी हुशार. पेड उकलणं, बसवणं, तीन ठिकाणी तीन जोड, सगळं तुझ्या हातांकडे बघून शिकली. पण शेवटी जोडांची टोकं बाहेर राहतात. ती पोटात घालायची. कशी? तू तिथे पोचतोस आणि नेमक्या त्याच क्षणी मंचावर टाळ्या पडतात आणि कॅमेरा माझ्याकडे वळतो!

म्हणजे सांधा अर्धा राहिला तो माझ्या टाळ्यांमुळे. तू तर पुरा करून गेला होतास.

तेवढं दाखवशील का? तू नाही म्हणालास तर मी समजेन. मी काही बाबांची आण वगैरे घालणार नाही. ते हत्यार फार वापरून झालं. फक्त एवढंच सांगते, की हे चाक थांबलं तर फिल्म ही खरोखर शेवटच्या माणसांची होईल. त्या बासरीवाल्याचं म्हणणं खरं ठरेल. मला दुसरं काहीही चालेल, तो खरा ठरलेला चालणार नाही.

आणखी एक. तुझा पत्ता समितीने काढला नाही. मुलगी झाल्याचं कार्ड तुझ्या बायकोने पाठवलं होतं, त्याच्या मागे होता. अकरा वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. भाचीचं वजन किती होतं तेही मला पाठ आहे.

ताई

२८ मार्च

प्रिय धाकट्या,

व्हिडिओ मिळाला. चष्मेवालीच्या फोनवर आला आणि ती वाट तुडवत, चक्क सरळ तोंडाने धावत, माझ्याकडे आली.

किती वेळा पाहिला ते सांगत नाही. तुझे केस गेले, हे कुणी कळवायचं नव्हतं का? बाबांचं डोकं घेतलंस. आणि दोर निळा! नायलॉनचा निळा दोर, बाबांच्या सांध्यात! क्षणभर माझ्या तोंडात एक वाक्य तयार झालं होतं, चांगलं तासाभराचं. गिळलं. कारण तुझी बोटं चालायला लागली.

भाचीचा आवाज किती तुझ्या लहानपणासारखा आहे. "बाबा, हे टोक अर्धं का केलं?" आणि तू म्हणतोस, "जाड राहिलं तर बोटाला लागतं." "मग उलट्या बाजूने का?" "पिळाच्या विरुद्ध घातलं की जेवढं ओढशील तेवढं घट्ट धरतं." बाबांनी तुला कधी इतकं समजावून सांगितलं नव्हतं. ते नुसते डोळे वटारायचे. कारखान्यात तू इतकी वर्षं नव्या माणसांना हेच शिकवतोस, हे तू भाचीला सांगताना मी ऐकलं. म्हणजे आज तिकडे किती जणांना येतं? चाळीस, असं म्हणालास. इथे एकालाही येत नव्हतं, आणि तुझ्याकडे चाळीस. विद्या दुसऱ्याच्या दारात बांधायला निघाला, म्हणाले होते मी. बांधलीस खरी. म्हणून तर राहिली.

आणि मग तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालास, "शेवटची टोकं ताईला घालू द्या. तिला बसवा. पण गप्प बसवा."

अख्खा दोरखाना हसला. मला हसू आलं नाही.

तुला माहीत होतं, नाही? मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तू सांधा शिकायला बसायचास तेव्हा मी दाराशी उभी राहायचे. मलाही शिकायचा होता. एकदा बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सांध्याला तोंड बंद ठेवावं लागतं. तुला जमायचं नाही." मी तिथेच त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. त्यांचंच म्हणणं सिद्ध केलं. नंतर मी सगळं शिकले, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, दोन परक्या भाषा. सांधा राहिला. मंचावर त्या दिवशी जे बोलले त्यातलं किती विचाराच्या पातळीवरचं होतं आणि किती दाराशी उभ्या असलेल्या मुलीचं, याचा हिशेब मी या वयात लावायला घेतला आहे. बरोबर लागेल असं वाटत नाही.

तर बसले. काल सकाळी दहाला. चष्मेवालीने तिचं काम पुरं केलं, तीन ठिकाणी तीन जोड, टोकं बाहेर. मला पाटावर बसवलं. समोर तुझा व्हिडिओ, हातात माळ. पहिलं टोक तीन वेळा निसटलं. बोटं खडूची आहेत माझी, वाखाची नाहीत. कुणीतरी म्हणालं, "ताई, जरा ओलं करा." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मिटलं. चाळीस मिनिटं लागली. चष्मेवाली म्हणते, माझं इतकं लांब मौन आजवर कुणी टिपलेलं नाही, हे स्वतंत्र जतन करायला हवं.

माळ चाकावर चढवली. काकांनी फिरवली. मी बोट लावलं. पहिला जोड बोटाखालून गेला, कळला नाही. दुसरा गेला, कळला नाही. तिसरा कळला. थोडासा. चष्मेवाली म्हणाली, "तो तुमचा पहिला घातलेला." काका म्हणाले, "असू दे. एक तरी कळायला हवा, नाहीतर लोकांना वाटेल दुकानातून आणली."

चाक फिरतंय.

तुझी जुनी माळ मी घरी आणली आहे. खिडकीशी अडकवली आहे. तिच्यात जोड कुठे आहेत ते मला अजून सापडलेले नाहीत.

ताई

१६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

काल फिल्म दाखवली. दुपारी, दोरखान्यातच, खिडक्यांना पोती लावून. भिंतीला चुना मारला होता, नियम झाकून. चष्मेवाली म्हणाली, आता ते पाठ झालेत सगळ्यांना.

सुरुवात लहान होत जाणाऱ्या चाकाने. ज्याला मी विरोध केला होता, त्यानेच. चाक फिरतं, मागे जातं, काका चाकामागे बसलेले, आधी मोठे, मग मुठीएवढे, आणि चाक बशीएवढं. आवाज नुसता घरघरीचा आणि मधून कुणाच्या तरी सासूबाईंचा. मी पाहत होते आणि मला एकदम वाटलं, की असं चित्र बाहेरचा कुणी कधी काढू शकला नसता. त्याला वाटलं असतं, वळणारा चाकापासून दूर चालला आहे. दूरच चाललेला असतो तो. पण त्याच्या कमरेपासून चाकापर्यंत दोर तयार होत असतो ना. तो दूर गेला नाही तर दोर होणार कसा?

हे मी तुला उद्देशून लिहिते आहे असं समज. चूक ठरणार नाही.

मग तुझी अकरा मिनिटं आली. माझा आवाज पूर्ण दोरखान्यात घुमला. घरभेद्या, चाकर, सगळं. तरुण मुलं वळून वळून माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे बघत राहिले. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. वर तुझे हात होते ना, त्यांच्याकडे बघत बसलं की खालचं ऐकू कमी येतं. तू त्या दिवशी तसंच केलं असशील.

टाळ्या पडल्या, कॅसेटमधल्या. चित्र मंचाकडे वळलं, आणि तिथेच चष्मेवालीने तुझे आजचे हात जोडले. हातांवरचे काळे केस संपले, पांढरे सुरू झाले. निळा दोर. भाचीचा प्रश्न. "हे टोक अर्धं का केलं?" मग पाटावर बसलेली मी, तोंड मिटून. मग नवी माळ, फिरणारी.

संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेहमीप्रमाणे दोन शब्द. मी उठले. बत्तीस मिनिटांची फिल्म, सत्तावीस माणसं आणि त्यांचे पाहुणे, आणि माझ्याकडे निदान दोन तासांचा मजकूर. म्हटलं, "चहा घ्या." आणि बसले. आयुष्यात माझ्या कुठल्याही भाषणाला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

त्या बासरीवाल्या दिग्दर्शकालाही बोलावलं होतं. आला होता, मागे उभा होता. जाताना म्हणाला, "ताई, मला हे का जमलं नाही, हे मला आज कळलं." मी त्याला चहा दिला आणि बशीही दिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा थोडा सैल झाला आहे. फार नाही.

तुझं पत्र काल मिळालं. या वेळी नऊ वाक्यं आहेत, प्रगती आहे. शाळेच्या सुट्टीत तिघं येता म्हणतोस. किती दिवस ते लिहिलेलं नाही, तेव्हा मी सगळे दिवस असं धरलं आहे. माझ्या खोलीतली पुस्तकं भिंतीकडे सरकवते आहे. तीन माणसं झोपतील एवढी जागा झाली, चौथं माणूस मी, तेही कुठेतरी मावेल. भावजयीला विचार, उशी उंच लागते की पातळ. भाचीला सांग, वाटेवर चालायचं तर पाय मागे टाकायचे, मागे बघायचं नाही, आत्या मागे उभी असेल, भिंतीवर आपटू देणार नाही.

काका आता थकले आहेत, त्यांना दुपारी झोप लागते. तू कमरेला वाख बांध. चाक मी फिरवीन. मी कधी फिरवलेलं नाही, तेव्हा सावकाश जा.

आणि हो, तिसरा जोड अजून बोटाला लागतो. तो उसवू नकोस.

तुझी,
ताई